मुनशीजींचा एक शब्द

जोतीराव फुल्यांची शाळा मध्येच सुटली होती. वर्गात शिकवताना आपण हे एका ओळीत उरकतो आणि थेट १८४८ सालच्या भिडेवाड्यातल्या शाळेवर येतो. पण ती सुटलेली शाळा पुन्हा सुरूच झाली नसती तर? मला नेहमी तिथेच थांबावेसे वाटते.

गोविंदराव फुल्यांचा पुण्यात फुला-भाजीचा व्यवसाय होता. मुलगा मराठी शाळेत चार अक्षरे शिकला, तेवढ्यात त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका कारकुनाने कान भरले. जास्त शिकला तर पोर कामातून जाईल, असा त्याचा सूर. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात लावले. दिवसभर मळ्यात काम आणि रात्री दिव्याच्या उजेडात वाचन, असा जोतीरावांचा दिनक्रम सुरू झाला.

हे शेजारच्या दोन माणसांच्या लक्षात आले. एक गफार बेग मुनशी, उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिटसाहेब, ख्रिस्ती गृहस्थ. दोघांनी गोविंदरावांना समजावले की पोरगा हुशार आहे, त्याची शाळा बंद करू नका. गोविंदरावांनी ऐकले. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय चौदाच्या आसपास होते, लग्नही झालेले होते.

मुनशीजींनी काय दिले? जमीन नाही, पैसा नाही. शेजाऱ्याच्या घरी जाऊन एक शब्द टाकला, एवढेच. त्यांचे नाव आज आपल्याला माहीत आहे ते जोतीरावांच्या चरित्रातल्या या एका प्रसंगामुळे.

आता तो शब्द पुढे कुठे कुठे गेला ते बघू या. जोतीराव शिकले, मग सावित्रीबाई शिकल्या. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यासाठी जागा दिली तात्यासाहेब भिडे यांनी. पुढच्याच वर्षी लोकांच्या दबावाखाली येऊन गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. ज्या बापाला एका मुसलमान शेजाऱ्याने समजावले होते, त्याच बापाच्या दारातून पोर बाहेर पडला आणि त्याला आसरा मिळाला तो दुसऱ्या मुसलमानाच्या घरी. गंज पेठेतले उस्मान शेख हे जोतीरावांचे मित्र. त्यांनी आपल्या घरात या जोडप्याला जागा दिली आणि शाळेलाही दिली.

त्या घरात फातिमा होत्या, उस्मान शेखांची बहीण. त्या सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या. फातिमाबींविषयी कागदोपत्री फार थोडे मिळते, पण जे मिळते ते मोलाचे आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणामुळे माहेरी, नायगावला असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात त्यांना काळजी आहे की आपल्या मागे सगळा भार फातिमावर पडला असेल, आणि खात्रीही आहे की ती कुरकुर करणार नाही. एका बाईने दुसरीबद्दल सहज लिहिलेले हे दोन शब्द मला पुतळ्यापेक्षा मोठे वाटतात.

याच शाळांत शिकलेली मांग समाजातली मुक्ता साळवे. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १८४१ ते १८५५, अवघी चौदा वर्षे. एका बापाला घातलेली समजूत तेवढ्या काळात एका मुलीच्या लेखणीपर्यंत पोहोचली. मुनशीजींना हे माहीत असण्याचे काही कारण नव्हते.

आपल्याकडे याला सदका-ए-जारिया म्हणतात. माणूस गेला की त्याची कर्मे थांबतात, तीन गोष्टी मात्र चालू राहतात असे हदीस सांगते: चालू राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. आपण यातल्या पहिल्या गोष्टीचा अर्थ विहीर, मशीद, मदरसा एवढाच धरतो. रस्त्यातला काटा बाजूला करणे हाही सदका आहे, हेही आपल्याला लहानपणी शिकवलेले असते. पोराच्या शाळेच्या वाटेतला काटा काढणे त्यात बसत नाही का?

असा धागा आमच्या भागातही आहे. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघाले की पारगावला भीमा ओलांडून आपण दौंड तालुक्यात येतो आणि पुढे केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी ते रमाला शिकवले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील दोघेही गेले. त्या उपाशी दिवसांतून वाचलेल्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तिथे शिकलेल्या विधवा गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम उभा केला. त्याच साली पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली रमाबाईंनी आणल्या आणि त्यांच्यासाठी केडगावला घर उभे केले. रमाबाईंच्या धर्मांतरावरून वाद झाले, आजही होतात. पण स्वतः सोसलेली भूक त्या विसरल्या नाहीत, एवढे तरी सगळ्यांना मान्य व्हावे.

आता थोडे माझे. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी बोलता यायचे, पण लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घाने घाम फुटायचा. न्हावऱ्यात आमच्या गल्लीत एक गुरुजी राहायचे. माझी अडचण ऐकून ते म्हणाले, ‘संध्याकाळी ओट्यावर येत जा.’ वर्षभर शिकवले. अम्मीने एकदा पैसे पाठवले तर ते परत आले, त्यांच्याबरोबर वाटीभर लोणचेही आले. शेवटी त्यांनी आपले व्याकरणाचे जुने पुस्तक मला दिले. पहिल्या पानावर कुणा दुसऱ्याचे नाव, त्याखाली गुरुजींचे. गुरुजी म्हणाले, ‘खाली तुझं लिही. आणि ठेवून घेऊ नकोस, पुढं दे.’ बी.एड. झाल्यावर ते पुस्तक मी एका ऊसतोड कामगाराच्या मुलाला दिले. हंगाम संपला, त्यांची पाले उठली आणि तो गेला. आता त्या पानावर किती नावे झाली असतील, कोण जाणे.

तेव्हा मला मुनशीजी माहीत नव्हते. नंतर वाचले आणि लक्षात आले की आमच्या गल्लीत तीच गोष्ट उलट्या बाजूने घडली होती. तिथे फारसीच्या शिक्षकाने माळ्याच्या पोराला हात दिला, इथे मराठीच्या गुरुजींनी मुसलमानाच्या पोराला.

हे सगळे आज लिहायचे कारण वेगळे आहे. ९ जानेवारीला फातिमाबींचा फोटो आपण सगळे मोबाईलवर फिरवतो. फिरवावाच. पण आपल्याच मोहल्ल्यात दहावी झालेल्या किती मुली घरी बसल्या आहेत, हे त्या दिवशी कोण मोजतो? ‘लोकांच्या घरात आपण कशाला बोलायचे’ असे म्हणून आपण सभ्यपणे गप्प बसतो. मुनशीजीही सभ्यच होते, तरी ते बोलले. त्यांनी गोविंदरावांना दोष दिला नाही की चारचौघांत लाजवले नाही. घरी जाऊन, विश्वासाच्या नात्याने बोलले. आणि एकटे गेले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

माझ्या वर्गातली एक मुलगी यंदा दहावी झाली. गुण चांगले आहेत. पुढे शिकवायचे नाही, असे घरचे म्हणतात. कॉलेज लांब, एसटीची वेळ नीट नाही, वर लग्नाचे बघायचे आहे. बापाच्या काळज्या खोट्या नाहीत. मी एकदा एकटा जाऊन आलो. ‘बघू सर,’ म्हणाले. मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पण या वेळी गुरुजींना बरोबर घेऊन. त्यांना आता काठी लागते. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले. मग गुरुजींनी मुलीला आत हाक मारली आणि पुढे काय शिकायचे ते विचारले. ती बापाकडे बघत हळूच म्हणाली, ‘नर्सिंग.’

बापाने अजून हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही. प्रवेशाला अजून दिवस आहेत. आम्ही पुन्हा जाणार आहोत.