साउथ कोर्ट : एका बंगल्याचे कागद

स्मरणिका समितीने सांगितले, "काका, तुम्ही इतकी वर्षं सेक्रेटरी होतात, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." पण पाण्याची टाकी, बंद पडणारी लिफ्ट आणि गच्चीची गळती हा आपला इतिहास सगळ्यांना तोंडपाठ आहे. म्हणून मी मलबार हिलवरच्या एका बंगल्याविषयी लिहितो. कन्व्हेयन्ससाठी खेटे घालायचो, त्या वर्षांत तो बंगला सारखा डोक्यात असायचा.

१९७६ साली मी एका कंपनीत डिस्पॅचला होतो. माउंट प्लेझंट रोडवर, म्हणजे आताच्या भाऊसाहेब हिरे मार्गावर, पाकिटं द्यायला जायचो. तिथे झाडांआड एक भला मोठा बंगला दिसे. आत ब्रिटिश उपउच्चायुक्त राहत. एका पहारेकऱ्याने सांगितलं, "ये जिना का बंगला है." मला वाटलं, आत एखादा मोठा जिना असेल! घरी आल्यावर वडिलांनी डोक्यावर हात मारून घेतला.

बंगल्याचं मूळ नाव साउथ कोर्ट. बॅरिस्टर महंमद अली जीना इंग्लंडहून परत आल्यावर १९३६ च्या सुमारास त्यांनी तो बांधून घेतला. आर्किटेक्ट क्लॉड बॅटली, मुंबई सेंट्रल स्टेशनही त्यांचंच. जागा अडीच एकर, खर्च सुमारे दोन लाख, इटालियन संगमरवर, अक्रोडाच्या लाकडाचं काम. जीना जातीने उभे राहून काम करून घेत, असं म्हणतात. १९४४ च्या सप्टेंबरात गांधीजी आणि जीना यांची बोलणी इथेच झाली. गांधीजी त्याच रस्त्यावरच्या बिर्ला हाउसमध्ये उतरले होते. अठरा-एकोणीस दिवस चालून ती बोलणी फिसकटली. १५ ऑगस्ट १९४६ रोजी नेहरू इथे येऊन जीनांना भेटले, तेही व्यर्थ. बरोबर एक वर्षाने काय झालं ते सांगायला नको.

फाळणीच्या वेळी जीनांची भारतात दोन मोठी घरं होती. दुसरं दिल्लीला, १० औरंगजेब रोडवर. ते त्यांनी जाण्याआधी रामकृष्ण दालमियांना विकलं. गोहत्येच्या कट्टर विरोधकाने जीनांचं घर घ्यावं, ही गंमतच. पुढे १९५१ साली ते नेदरलँड्स सरकारने विकत घेतलं आणि त्यांचे राजदूत तिथे राहू लागले. कुठे वाद नाही, कोर्ट नाही.

मुंबईचं घर मात्र त्यांच्याने विकवलं नाही. पाकिस्तानातले आपले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांना नेहरूंनी जीनांकडे पाठवलं : बंगल्याचं काय करायचं, भाडं किती घ्यायचं, विचारून या. जीना अगदी हेलावून गेले. मुंबईत येऊन त्या घरात राहण्याची आपली अजून इच्छा आहे, भाड्याने द्यायचंच तर एखाद्या छोट्या युरोपियन कुटुंबाला द्या, असं त्यांनी कळवलं. एका नव्या देशाचा गव्हर्नर जनरल, आणि जीव अडकलाय मलबार हिलवर! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा राजकारण बाजूला राहिलं, आणि चाळीतली खोली सोडताना रडलेली माझी आई आठवली.

सप्टेंबर १९४८ मध्ये ते वारले. १९४९ साली बंगला निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारजमा झाला आणि ब्रिटिशांना भाड्याने गेला. तशी युरोपियन भाडेकरूची इच्छा पुरी झाली म्हणायची. १९८० नंतर ब्रिटिशही गेले आणि घर रिकामं पडलं. पाकिस्तानला ते वकिलातीसाठी हवं होतं, ते काही जमलं नाही.

खरी गुंतागुंत वारसाची. जीनांनी १९३९ च्या मृत्युपत्रात बंगला बहीण फातिमा यांच्या नावे केला होता आणि त्या पाकिस्तानात गेल्या. मुलगी दिना वाडिया भारतीयच राहिली. २००७ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. म्हणणं असं, की खोजांना वारशात हिंदू कायदा लागू, तेव्हा एकुलती एक मुलगी हीच वारस. २०१७ साली दिनाबाई वारल्या. दावा मुलाने पुढे चालवला.

बंगल्यावर हक्क सांगायला इतके लोक, आणि आत दिवा लावायला कोणी नाही. आपलंही काही वेगळं नव्हतं. ब्याण्णव कुटुंबं राहतात, मेंटेनन्स भरतात, पण जमीन कागदोपत्री वारलेल्या मूळ मालकाच्या नावावर. बिल्डर फोन उचलत नव्हता. 'तुम्हाला कोण काढतंय?' असं सर्वसाधारण सभेत मला कितीदा ऐकवलं गेलं. शेवटी मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज केला, आणि गेल्या वर्षी प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढलं. त्याची झेरॉक्स ऑफिसातल्या नोटीस बोर्डावर लावली आहे. चौदा सभासदांचे नॉमिनेशन फॉर्म मात्र अजून यायचे आहेत. त्यांची यादी तिच्या शेजारीच आहे.