संसाराचें सोंग

रावेरच्या स्थानकावर गाडी येऊन थांबली म्हणजे पहाऱ्यावरील शिपायाची नजर कोणावर ठरते आणि कोणावरून निघून जाते, हें पाहण्यासारखें असतें. एकटा तरुण, हातांत जड पेटी, चालण्यांत घाई असें दिसलें कीं ती नजर क्षणभर तरी थबकते. त्याच तरुणाशेजारीं पदर सांवरणारी स्त्री आणि तिच्या कडेवर पेंगुळलेलें मूल असलें, तर ती पुढें सरकते. पतिपत्नी हें नातें आपण इतकें स्वयंसिद्ध मानतों कीं त्याचा पुरावा मागणें असभ्यपणाचें वाटतें. ज्यांस आपलें खरें रूप लपवावयाचें असतें, त्यांनीं हें मर्म फार पूर्वींच ओळखलें होतें.

राजसत्तेनें तर त्याचें शास्त्रच केलें. शामशास्त्री यांस १९०५ मध्यें म्हैसुरांत कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी मिळाली आणि १९०९ मध्यें तो ग्रंथ छापून निघाला. त्यांत एका ठिकाणीं राहून बातमी काढणाऱ्या हेरांचे पांच प्रकार सांगितले आहेत: कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस. यांतील गृहपतिक म्हणजे वृत्ति बुडालेला, पण शहाणा आणि चारित्र्याचा चोख असा शेतकरी गृहस्थ. संन्याशाच्या वेषाइतकाच संसारी माणसाचा वेषही राज्याच्या कामीं येतो, हें कौटिल्यानें निःसंकोचपणें नोंदविलें. मात्र या वेषामुळें ज्याचा विश्वास फसविला जातो, त्याचें काय होतें? याचें उत्तर शोधण्यास आम्हां खानदेशकरांस फार दूर जावें लागत नाहीं.

रावेरहून लोहमार्गानें पूर्वेकडे गेलें कीं बऱ्हाणपूर लागतें आणि तेथून उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर असीरगड उभा आहे. आज तो मध्य प्रदेशांत मोडतो. परंतु फारुकी सुलतानांच्या काळीं तो खानदेशाचा मुकुटमणि होता. तो त्यांच्या हातीं कसा आला याची हकीकत फेरिश्ता या इतिहासकारानें दिली आहे. गडाचा स्वामी आसा अहीर हा मोठा गोधनाचा धनी. दुष्काळांत त्यानें आपलीं धान्याचीं कोठारें गरिबांस खुलीं केलीं होतीं. १३९९ मध्यें गादीवर आलेल्या नासिरखान फारुकीनें त्यास निरोप धाडला कीं, शेजारचे राजे माझ्यावर उठले आहेत, तरी माझ्या बायकामुलांस गडावर आश्रय द्यावा. आसानें होकार दिला. पहिल्या दिवशीं डोल्यांतून खरोखरच स्त्रिया आल्या आणि आसाच्या घरच्या बायकांनीं त्यांचें आगतस्वागत केलें. दुसऱ्या दिवशीं दोनशें डोल्या चढल्या. आसा आपल्या मुलांसह सामोरा गेला. पडदे दूर झाले तों आंतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले आणि बापलेक जागच्या जागीं मारले गेले. फेरिश्त्यानें ही कथा घटनेनंतर सुमारें दोन शतकांनीं लिहिली, आणि रोहतासगडाविषयींही अशीच कथा सांगतात. म्हणून तिचा प्रत्येक तपशील प्रमाण धरण्याचें कारण नाहीं. पण लोकांनीं ती कां जपली, हें उघड आहे. येथें शत्रु फसला नाहीं, यजमान फसला. ज्या दरवाजांतून दुसऱ्याची लेकीसून सुरक्षित आंत यावी, तोच दरवाजा मरणाचा झाला.

आतां याच सोंगाचें दुसरें उदाहरण पाहूं. १७ डिसेंबर १९२८ रोजीं लाहोरांत साँडर्सचा वध झाला आणि शहराच्या वाटा गुप्त पोलिसांनीं रोखून धरल्या. शोध चालला होता तरुण, अविवाहित क्रांतिकारकांचा. सुखदेव दुर्गादेवी व्होरा यांच्याकडे गेले. त्यांचे पति भगवतीचरण त्या वेळीं कलकत्त्यास होते. घरीं त्या आणि तीन वर्षांचा मुलगा शचींद्र एवढींच होतीं. कोणाची तरी पत्नी बनून प्रवास करावा लागेल, असा तो प्रश्न होता. दुर्गादेवींनीं होकार दिला.

वधानंतर दोन-तीन दिवसांतच पहाटेच्या गाडीस एक साहेबी थाटाचें जोडपें लाहोर स्थानकावर आलें. हॅट घातलेले, केस कापलेले गृहस्थ म्हणजे भगतसिंग. मागून सामान घेऊन येणारा नोकर म्हणजे पुणें जिल्ह्यांतील खेडचे शिवराम हरि राजगुरु. ज्या तरुणानें काशींत संस्कृताचें अध्ययन केलें, तो त्या दिवशीं धन्याची वळकटी वाहत होता. ज्या खेडांत त्यांचा जन्म झाला, तें आज राजगुरुनगर म्हणून ओळखलें जातें. पहाऱ्याची नजर या कुटुंबावरून निघून गेली. लखनौस राजगुरु वेगळे झाले. तेथून दुर्गादेवींनीं पतीस तार केली कीं, ‘भावासह येत आहें’, अशी आठवण सांगतात. गाडींतला नवरा तारेंत भाऊ झाला!

या प्रसंगाचें वर्णन करतांना आपण बहुधा भगतसिंगांच्या धैर्यापाशीं थांबतों. माझे विद्यार्थीही तेथेंच थांबत. मग मी त्यांस विचारीत असे कीं, त्या डब्यांत सर्वांत अधिक काय पणास लावलें कोणी? पुरुष पकडले जाते तर हुतात्मे ठरते. परपुरुषाची पत्नी म्हणून प्रवास करणाऱ्या त्या काळच्या कुलीन स्त्रीस प्राणाबरोबर लौकिकही पणास लावावा लागला, आणि मांडीवर स्वतःचें मूल होतें. सोंग एका नात्यापुरतें होतें. मातृत्व खरें होतें आणि धोकाही खरा होता.

संसाराचें हें कवच प्रत्येकास लाभलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर १९२९ मध्यें, त्याच दलाचे भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे दोन तरुण आमच्याच भुसावळ स्थानकावर शस्त्रांसह पकडले गेले. जळगांवच्या न्यायालयांत फेब्रुवारी १९३० मध्यें माहौरांनीं माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या, हें जुन्या जळगांवकरांच्या घरोघरीं सांगितलें जाई. त्याच सप्टेंबरच्या अखेरीस राजगुरु पुण्यास पकडले गेले आणि २३ मार्च १९३१ रोजीं भगतसिंग व सुखदेव यांच्यासह फांसावर चढले. भगवतीचरण त्यापूर्वींच, मे १९३० मध्यें, बाँबची चांचणी घेतांना रावीच्या कांठीं मरण पावले होते. दुर्गादेवींनीं पुढें लखनौस शाळा चालविली. १९९९ मध्यें गाझियाबादेस त्यांचें देहावसान झालें.

असीरगड आणि लाहोर, दोन्हीकडे सोंग एकच. तरीही एकाची आठवण आपणांस लाजविते आणि दुसऱ्याची मान ताठ करते. केवळ हेतु उदात्त होता म्हणून हा भेद पडतो, असें मला वाटत नाहीं; हेतु तर प्रत्येक सुलतानास आपला उदात्तच वाटतो. नासिरखानानें आश्रयदात्याच्या विश्वासावर घाव घातला आणि किंमत दुसऱ्याकडून वसूल केली. दुर्गादेवींनीं पहारेकऱ्याच्या नजरेस चकविलें आणि किंमत स्वतः देण्याची तयारी ठेवली. सोंग कोणापुढें उभें केलें आणि त्याचें मोल कोणीं चुकविलें, हे दोन प्रश्न इतिहासाच्या वाचकानें विसरूं नयेत. त्यांचें उत्तर मिळाल्यावांचून चातुर्याची स्तुति करण्याची घाई करूं नये.