सुवर्णनियंत्रणाची सत्तावीस वर्षे

१९६२च्या चीनयुद्धानंतर परकीय चलनाची गंगाजळी राखण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण आणले, ज्यान्वये चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास मनाई झाली आणि लगडी, नाणी यांसारखे दागिन्यांच्या रूपात नसलेले सोने जाहीर करण्याचे बंधन नागरिकांवर आले. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढील अडचण खरी होती, कारण सोन्याचा देशातील भाव आंतरराष्ट्रीय अधिकृत भावाच्या दुपटीहून अधिक असल्याने चोरट्या आयातीत मोठा नफा होता आणि त्या सोन्याची किंमत अखेर देशाच्या परकीय चलनातूनच चुकती होत होती. मागणी घटली की तस्करीही आटेल, असे सरकारचे गृहीत होते.

हे गृहीत घराघरांतील व्यवहाराशी जुळणारे नव्हते. बावीस कॅरटच्या दागिन्यात शुद्ध सोने सुमारे ९१.६ टक्के असते, चौदा कॅरटमध्ये ते ५८.३ टक्क्यांवर उतरते आणि बाकीचे तांबे-चांदीचे हीण असते. बोरमाळ किंवा पाटल्या या शोभेच्या वस्तू असल्या, तरी दुष्काळात किंवा आजारपणात सराफाकडे गहाण टाकता येणारी ती शिल्लकही होती. शिवाय स्त्रीधन, म्हणजे विवाहप्रसंगी व पुढे स्त्रीला मिळालेली आणि तिच्याच मालकीची मानलेली संपत्ती, बहुतांशी याच रूपात असे. ज्या काळात बहुसंख्य स्त्रियांचे बँकेत खाते नव्हते, त्या काळात कोणाला न विचारता मोडता येईल असे हे एकमेव धन होते, आणि म्हणून त्याची शुद्धता घटवणे हा आर्थिक स्वातंत्र्यावरचाच घाव होता. गिऱ्हाईक हटले, सोनारांच्या भट्ट्या विझल्या, आणि काही कारागिरांनी आत्महत्या केल्याच्या बातम्याही आल्या.

१९६६ मध्ये चौदा कॅरटची अट गेली, नियंत्रण मात्र उठले नाही. मोरारजी देसाई पुन्हा अर्थमंत्री असताना १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. व्यक्तीकडे २,००० आणि कुटुंबाकडे ४,००० ग्रॅमपेक्षा जास्त दागिने असल्यास ते जाहीर करणे त्याने सक्तीचे केले, सोनारांना प्रमाणपत्र आणि हिशेबाच्या वह्या यांत बांधले आणि लगडीच्या रूपातील सोने बाळगणे सामान्य नागरिकाला बेकायदा ठरवले. हरकचंद बांठिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या काही तरतुदी व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालणाऱ्या म्हणून रद्द केल्या. दुरुस्तीनंतर कायदा पुढे चालू राहिला. दुबईहून येणारी बिस्किटे पश्चिम किनाऱ्यावर उतरतच राहिली, म्हणजे कायद्याचा जाच नोंदवही ठेवणाऱ्या लहान सोनाराला झाला आणि तस्कराला मात्र बंदीनेच नफा मिळवून दिला. कोकणातील राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री असताना जून १९९० मध्ये हा कायदा रद्द झाला.

नागरिकाच्या खाजगी धनावर किती नियंत्रण ठेवायचे, हाच पेच आता आभासी चलनाच्या, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या हमीविना संगणकजाळ्यावरील सामायिक नोंदवहीत चालणाऱ्या बिटकॉइनसारख्या चलनाच्या बाबतीत उभा आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेचा अधिकार मान्य करूनही ती मनाई रद्द केली, कारण उपाय संभाव्य हानीच्या प्रमाणात असला पाहिजे, या प्रमाणबद्धतेच्या तत्त्वावर ती टिकली नाही. २०२२ मध्ये नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरणावर १ टक्का उगमस्थानी करकपात आली, आणि मार्च २०२३ पासून अशा चलनाच्या बाजारपेठांना काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखाली ग्राहकाची ओळख पटवून नोंदी ठेवाव्या लागतात. व्यवहार जेथे बाजारात येतो तेथे ठेवलेली ही देखरेख समर्थनीय आहे, कारण गुन्हा आणि करचुकवेगिरी तेथेच पकडता येतात. परंतु नागरिकाने स्वतःजवळ जपलेल्या खाजगी वॉलेटपर्यंत, म्हणजे आभासी चलन ठेवण्याच्या त्याच्या डिजिटल पाकिटापर्यंत, नोंदणीची सक्ती नेणे म्हणजे १९६८च्या कायद्याने दागिन्यांच्या डब्यापर्यंत नेलेला हात पुन्हा पुढे करणे होय. तसा प्रस्ताव कधी आलाच, तर संसदेने १९६८चा कायदा करण्याची आणि १९९० मध्ये तो रद्द करण्याची कारणे शेजारी ठेवून वाचावीत, आणि मगच मत द्यावे.