ख्रिस्ती परंपरावादी विधी महाविद्यालये, अमेरिकेतील

बायबलला कायद्याचा पाया मानून वकील घडविणाऱ्या खासगी शिक्षणसंस्था. चर्चशी नाते असलेली विधी महाविद्यालये अमेरिकेला नवी नव्हती. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात कायद्याचे शिक्षण १८६९ सालीच सुरू झाले होते. १९७० नंतर निघालेल्या संस्थांना मात्र न्यायालयीन लढाईसाठी माणसे तयार करायची होती. सरकारी शाळांत सरकारने ठरवून दिलेली प्रार्थना म्हणून घेणे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवले, १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने गर्भपाताला घटनेचे संरक्षण दिले. निवडणुका जिंकून हे निकाल फिरत नाहीत, त्यासाठी न्यायालयात उभे राहणारे आपले वकील हवेत, हे परंपरावादी पुढाऱ्यांच्या ध्यानात आले.

पहिला मोठा प्रयोग ओक्लाहोमातील टल्सा येथे झाला. दूरचित्रवाणीवरील प्रवचनकार ओरल रॉबर्ट्स यांच्या विद्यापीठाने १९७९ मध्ये विधी शाखा उघडली. विद्यार्थी व प्राध्यापक यांच्याकडून श्रद्धेची लेखी ग्वाही घेतली जाई, म्हणून अमेरिकन बार असोसिएशनने मान्यता अडवून धरली. ही मान्यता नसेल तर बहुतेक राज्यांत पदवीधराला सनदेच्या परीक्षेलाच बसता येत नाही. विद्यापीठ न्यायालयात गेले, १९८१ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि असोसिएशनने आपला नियम बदलला. पुढच्या सर्व धार्मिक विधी महाविद्यालयांची वाट या एका बदलाने मोकळी केली.

कॅनडात हाच प्रश्न उलट सुटला. ब्रिटिश कोलंबियातील ट्रिनिटी वेस्टर्न विद्यापीठ विद्यार्थ्यांकडून आचारसंहितेचा करार लिहून घेत असे. स्त्री-पुरुष विवाहाबाहेरचे शरीरसंबंध त्यात निषिद्ध होते. समलिंगी विद्यार्थ्यांना असा करार दार बंद करतो, या मुद्द्यावर वकिलांच्या प्रांतिक संस्थांनी नियोजित विधी महाविद्यालयाला मान्यता नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी हा नकार उचलून धरला.

टल्साची शाखा १९८६ मध्ये बंद पडली. तिचे ग्रंथालय व्हर्जिनिया बीच येथे दूरचित्रवाणीवरीलच प्रवचनकार पॅट रॉबर्टसन यांच्या विद्यापीठाला मिळाले आणि तेथे, आज ‘रीजंट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात, नवे विधी महाविद्यालय सुरू झाले. रॉबर्टसन स्वतः येल विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर, पण सनदेची परीक्षा नापास झालेले. पहिले अधिष्ठाता हर्बर्ट टायटस यांची बायबलप्रणीत कायद्याची भूमिका अत्यंत कडक होती. १९९३ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. पूर्ण मान्यता १९९६ मध्ये मिळाली. दरम्यान रॉबर्टसन यांनी १९९० मध्ये स्थापलेल्या ‘अमेरिकन सेंटर फॉर लॉ अँड जस्टिस’ या खटले लढविणाऱ्या संस्थेमुळे वर्ग आणि न्यायालय यांतले अंतर कमी झाले.

डॉमिनोज पिझ्झाचे संस्थापक टॉम मोनॅहन यांच्या पैशातून २००० मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे ‘आवे मारिया’ हे कॅथलिक महाविद्यालय निघाले. प्राध्यापकांचा विरोध असतानाही ते २००९ मध्ये फ्लोरिडातील नेपल्सला हलविण्यात आले. प्रवचनकार जेरी फॉलवेल यांच्या लिबर्टी विद्यापीठाची विधी शाखा लिंचबर्गला २००४ मध्ये आली. तिच्या अभिरूप न्यायालयात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ आसनी न्यायपीठाची प्रतिकृती आहे. विद्यार्थ्यांनी कोठवर पोचावे, हे त्यातून उघड दिसते.

या संस्थांचे पदवीधर सत्तेपर्यंत पोचले, तेव्हा वादही उद्भवले. रीजंटच्या मोनिका गुडलिंग या बुश प्रशासनात न्याय विभागात अधिकारी होत्या. बिगरराजकीय पदांच्या भरतीत उमेदवारांची राजकीय निष्ठा पाहिल्याची कबुली त्यांनी २००७ मध्ये संसदीय समितीपुढे दिली. विभागाच्या चौकशीत पुढच्या वर्षी हे वर्तन बेकायदा ठरले. हा दोष गंभीर होता. मात्र त्यावरून साऱ्या पदवीधरांना कच्चे ठरविण्याची जी लाट आली, ती न्याय्य नव्हती. रीजंटच्याच क्रिस्टन वॅगनर यांनी समलिंगी विवाहासाठी केक बनवून देण्यास नकार देणाऱ्या बेकरीवाल्याची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली आणि २०१८ मध्ये खटला जिंकला. २०२३ मध्ये संकेतस्थळ रचणाऱ्या व्यावसायिकेचा तशाच वळणाचा खटलाही त्यांनी ६ विरुद्ध ३ मतांनी जिंकून दिला.