जत्रेची वळकटी

लग्नाला काय घालावं, मयताला काय घालू नये आणि साहेबाला भेटायला जाताना चेहरा कसा घालावा, याबद्दल आपल्याकडे उपदेशाची वाण नाही. पण जत्रेला जाताना अंगावर काय असावं आणि बरोबर काय न्यावं, या विषयाला एकाही इतिहासकाराने हात घातलेला नाही. ते काम शेवटी माझ्यासारख्या पेन्शनरावर येऊन पडलं.

निमित्त नातवाचं. तो परवा पुण्यात कुठल्याशा ‘फन फेअर’ला निघाला होता. पिशवीत पाण्याची बाटली, उन्हाचं मलम, मोबाईल आणि मोबाईलला भूक लागली तर त्याला भरवायची एक डबी. मी विचारलं, “अरे, आणि चिठ्ठी?”

“कसली चिठ्ठी, आजोबा?”

या ‘कसली’चं उत्तर द्यायचं तर १९५७ सालच्या चैत्रापर्यंत मागे जावं लागतं.

आम्ही तेव्हा दौंडला राहत होतो. वडील रेल्वेत. १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला आणि दौंडचं जंक्शन झालं. तेव्हापासून ‘गाडी बदलण्याचं ठिकाण’ अशीच गावाची ख्याती. सगळी दुनिया आमच्या फलाटावरून कुठे ना कुठे जायची आणि आम्ही मात्र वर्षातून एकदा जायचो, तेही रेल्वे सोडून. आत्या शिरूरला होती. आधी एसटीने शिरूर आणि तिथून आत्याच्या बैलगाडीने रातोरात निघोज, मळगंगेच्या जत्रेला. निघोज पारनेर तालुक्यात, जिल्हाही दुसरा. पण देवीला तालुके-जिल्हे मान्य नसावेत. कुकडी ओलांडली की शिरूर तालुक्याची माणसं तिच्या दारात. नदीच्या पात्रात पाण्याने कोरलेले ते प्रसिद्ध रांजणखळगेही तिथेच.

शिरूरच्या माणसाला एसटीचा फार अभिमान. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, धावली. आणि शिरूर ऐन वाटेवर. आमचे आत्तोबा हे अशा थाटात सांगत, की जणू गाडीला हात त्यांनीच दाखवला होता.

आता सामान. जत्रा एका दिवसाची, पण आईची तयारी काशीयात्रेची. पहिला मान फिरकीच्या तांब्याचा. गाडीत तो आडवा झाला तरी थेंब सांडायचा नाही, मात्र तहान लागली की त्याची फिरकी वडिलांखेरीज कुणालाही उघडायची नाही. मग दशम्या. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या म्हणून टिकाऊ. बरोबर शेंगदाण्याची चटणी, लोणचं, गूळ. कंदील, घोंगडी, बैलांना कडबा. आणि हे सगळं पोटात घेऊन सुताच्या दोरीने आवळलेली वळकटी. ती उघडली की पुन्हा तेवढीच कधी होत नसे. येताना ती जाडच व्हायची आणि आई म्हणायची, “जत्रेचं पुण्य भरलंय तिच्यात.”

नैवेद्य वेगळा बांधलेला. शिरूरकडे नैवेद्याच्या बाबतीत लोक हात आखडत नाहीत. शिरूरला इंग्रजांची छावणी होती, तिथला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याला ‘सत्पुरुष’ मानून रयत त्याच्या थडग्याला नैवेद्य दाखवायची, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. साहेब जिवंतपणी काय खात होता, ही चौकशी कुणी केली नाही.

आता पोशाख. नवे कपडे वर्षातून एकदा, आणि तेही ‘वाढत्या अंगाचे’. त्यामुळे पहिल्या जत्रेत सदऱ्याच्या बाह्या बोटांखाली आणि तिसऱ्या जत्रेत कोपरावर. बरोबर बसायचा तो मधल्या वर्षी, पण तोवर त्याचा रंग गेलेला. पायांसाठी आत्याचा नियम होता, “देवळाबाहेर सोडताना जीव तुटणार नाही असलीच वहाण घालावी.” वडील एकदा कोऱ्या वहाणा घालून गेले आणि आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या पायांनी चालत आले.

सगळ्यांत उत्तम पोशाख बैलांचा. अंगावर झूल, शिंगांना शेंब्या, गळ्यात घुंगरमाळा. या भागात गाड्यांच्या शर्यतींचं वेड पूर्वीपासूनचं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. एवढा कोर्टाचा खल माझ्या सदऱ्याबद्दल कधी झाला नाही.

पैसे कुठे ठेवायचे, हा स्वतंत्र अध्याय. वडिलांच्या बंडीला आतून चोरखिसा. हे नाव चोराला उद्देशून आहे की चोरापासून लपवण्यावरून, हे मला अजून कळलेलं नाही. आई आणि आत्या यांची तिजोरी कनवटीला. ती फोडणारा खिसेकापू अजून जन्माला यायचा आहे. त्या वर्षी पैशांचीच जत्रा झाली होती. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. रुपयाचे शंभर, म्हणजे आण्याचे सव्वासहा. पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून सरकारी हिशेबात एक आण्याला सहा, दोनला बारा, पण तीनला एकोणीस आणि चारला पंचवीस. तिसरीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईला हे एका रात्रीत उमगलं. “तीन आण्यांच्या रेवड्या एकदम घ्यायच्या नाहीत. एकेक आण्याच्या तीनदा घ्यायच्या. अठरात भागतं!” आम्ही भावंडं पाळीपाळीने एकाच दुकानदाराकडे तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला त्याने रेवड्यांबरोबर जे दिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

पुढचा मान पाळण्याचा. हे यंत्र नवं नव्हे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये तुर्कांच्या राज्यात, आजच्या बल्गेरियात, माणसं बसवून फिरवलेली चक्रं पाहून टिपून ठेवली. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअराने २६४ फूट उंच चक्र उभारलं. त्याला ३६ डबे आणि एकेका डब्यात ६० माणसं. आमच्या जत्रेतला पाळणा लाकडी, चार खोक्यांचा आणि दोन गडी हाताने फिरवणार. पण पोटात गोळा यायचा तो शिकागोएवढाच. पाळण्यासाठी सर्वांत शास्त्रशुद्ध वस्त्र म्हणजे नऊवारी. काष्टा घातलेला, सगळं जागच्या जागी. आत्या वरून खाली येताना नमस्कार करत आली. वडिलांचं धोतर मात्र वरच्या टोकाला गलबतासारखं फुगलं आणि टोपी कुकडीच्या दिशेने गेली ती गेलीच.

आणि आता ती चिठ्ठी. जत्रेला निघताना आई प्रत्येक मुलाच्या आतल्या कपड्याला टाचणीने एक कागद लावायची. त्यावर नाव, वय, वडिलांचं नाव, ‘रेल्वे, दौंड’, आणि शेवटी ‘सापडल्यास रागावू नये’. मी आठ वर्षांचा, अक्का चौदाची. माझा हात धरणं हे तिचं काम. ते तिने चोख केलं. फक्त बांगड्या भरायला तिला दोन्ही हात लागले, तेवढ्यात मी सुटलो.

एका भल्या माणसाने मला रडताना पाहून तमाशाच्या तंबूकडे नेलं. तिथे कर्णा होता. कर्णेवाल्याने माझ्या गंजिफ्राकाची चिठ्ठी काढली आणि खणखणीत आवाजात अक्काचं नाव पुकारलं. “वय चौदा, मुलगी, दौंडची, सापडली आहे!” रात्री गाडीतल्या कंदिलाच्या उजेडात चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. मुलगी म्हणून जाहीर झाल्यावर मी आणखी मोठ्याने रडलो. इतक्यात अर्ध्या बांगड्या भरलेली अक्का गर्दी फाडत आली आणि कर्णेवाल्यावरच ओरडली, “मी कुठं हरवलेय? हरवलाय तो!” मग माझ्या पाठीत धपाटा घालून मला घट्ट धरून ठेवलं, ते थेट दौंडपर्यंत.

अक्का आता ऐंशीच्या पुढे आहे. अलीकडे विसरते. मागच्या दिवाळीत भाजी आणायला म्हणून निघाली आणि तीन तासांनी दुसऱ्याच पेठेत सापडली. तिच्याकडे ना पिशवी, ना पत्ता. त्या रात्री मी कागद घेतला. तिचं नाव, वय, माझा फोन नंबर लिहिला आणि तिच्या बटव्यात आतून टाचला. शेवटची ओळ आईचीच घातली.

तिने ते पाहिलं. चष्मा लावून सगळं वाचलं आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “मी कुठं हरवलेय? हरवला होतास तू.”

खरंच होतं. मी कागद काढला नाही. फक्त खाली माझंही नाव लिहिलं. नातवाच्या पिशवीतही तशीच एक चिठ्ठी घातलीय. त्याने हसून ती तशीच राहू दिली.