मुसीचा महापूर आणि आमची सिद्धता

हैदराबादेत मुसी नदीवरील पुलांवरून रोज ये-जा करणाऱ्यांची संख्या लाखांत मोजावी लागेल. परंतु आपण एक नदी ओलांडीत आहोत याची जाणीव त्यांपैकी फार थोड्यांना होत असेल. वर्षातील बहुतेक दिवस पुलाखाली काळसर पाण्याची एक ओळ तेवढी दिसते. अशा नदीला भ्यावे असे कोणास वाटणार? आमच्या शाळेत नववीच्या वर्गावर एकदा इतिहासाचा तास घेत असता आम्ही मुलांना सहज विचारले, की मुसीला पूर आला तर तुम्ही कोठे जाल? वर्गात प्रथम हसू पिकले. मग एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आजीला विचारावं लागेल." त्या उत्तरालाही मुले हसली; पण आम्हांस मात्र ते त्या तासातील सर्वांत शहाणपणाचे उत्तर वाटले. नैसर्गिक आपत्तीस तोंड देण्याची रहिवाशांची सिद्धता म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार त्या दिवसापासून आमच्या मनात घोळत आहे. या नगराच्या इतिहासाच्या आधारे तो येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

२८ सप्टेंबर १९०८ हा हैदराबादच्या इतिहासातील सर्वांत दारुण दिवस होय. घटस्थापना होऊन दोन-तीनच दिवस लोटले होते. रमजानचा महिनाही नुकताच लागला होता. मुसी व तिला नगराच्या वरच्या अंगास मिळणारी ईसी, या दोन्ही नद्यांच्या पाणलोटात अतिवृष्टी झाली आणि २८ च्या पहाटेपासून पाणी झपाट्याने चढू लागले. अफझलगंज, घांसीबाजार, कोळसावाडी या काठच्या वस्त्या पाहता पाहता पाण्याखाली गेल्या. सुमारे १९,००० घरे पडली, सुमारे ८०,००० माणसे निराश्रित झाली आणि मृतांची संख्या सामान्यतः १५,००० च्या आसपास सांगितली जाते. नदीवरील अफझलगंज, मुसल्लम जंग व चादरघाट येथील पूल मोडले. १५७८ मध्ये कुतुबशाहीत बांधलेला पुराना पूल तेवढा टिकून राहिला.

हा पूर केवळ पावसाने आणला असे मात्र म्हणता येत नाही. मुसीच्या पाणलोटात जुन्या राजवटींनी व गावोगावच्या लोकांनी बांधलेले शेकडो तलाव होते. एकाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्याही खालच्या तलावात, अशी त्यांची साखळी होती. बांध नीट राखलेले असतात तोवर ही साखळी शेतीला पाणी पुरविते व पुरालाही आवर घालते. परंतु त्या पावसात वरचे बांध फुटले, त्यांच्या लोंढ्याने खालचे फुटले आणि दोनशेहून अधिक तलावांचे पाणी पावसाच्या पाण्यात मिसळून नगरावर चालून आले. नगरातील माणसाच्या मरणाचे कारण कित्येक कोस दूर, त्याने कधी न पाहिलेल्या एखाद्या गावच्या बांधात होते.

त्या दिवसाच्या दोन आठवणी नगरात अद्याप सांगितल्या जातात. आज जेथे उस्मानिया रुग्णालय आहे तेथील आवारात चिंचेचे एक जुने झाड आहे. पुरात सुमारे दीडशे माणसे या झाडावर चढून बसली आणि वाचली. झाड आजही उभे आहे. दुसरी आठवण पेटला बुरुजाची. नगराच्या दगडी तटाचा हा बुरूज. त्याहून भक्कम आसरा कोणता, असे वाटून शेकडो माणसे त्यावर जमली. पाण्याने पाया पोखरला, बुरूज ढासळला आणि आसऱ्यास आलेली माणसे प्रवाहात गेली. चिंचेवर चढलेले शहाणे आणि बुरुजावर चढलेले वेडे, असा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस नाही. दोघांनीही त्या क्षणी जे उंच व जवळ दिसले ते धरले. परंतु आसऱ्याची जागा पाणी आल्यावर शोधावी लागली, हे दोघांच्याही बाबतीत खरे आहे. आणि मग जगणे-मरणे हा योगायोगाचा खेळ झाला. सिद्धता म्हणजे हा योगायोग शक्य तितका कमी करणे, याहून निराळी व्याख्या आम्हांस सुचत नाही.

आपत्तीनंतर राज्यकर्त्यांनी हात आखडला नाही, हे न्यायाने म्हटले पाहिजे. सहावे निजाम मीर महबूब अलीखान यांनी निराश्रितांसाठी राजवाड्याचे दरवाजे उघडले आणि अन्नछत्रे सुरू केली. पुढच्याच वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकलेला आणि मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेला हा अभियंता मराठी मुलखास परका नव्हता. त्यांनी पाणलोट, पर्जन्यमान, तलाव या सर्वांची मोजदाद केली आणि निष्कर्ष काढला, की नगरात नदीला कितीही बांध घातले तरी ते पुरेसे होणार नाहीत. पूर नगराच्या वरच अडवून हळूहळू सोडला पाहिजे. त्यांतून मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले, काठचे दाट मोहल्ले मोकळे करण्यात आले आणि नदीच्या दोन्ही तीरांवर उच्च न्यायालय, रुग्णालय यांसारख्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. एका आपत्तीतून इतका बोध घेणारी नगरे थोडीच असतील.

येथवरचा इतिहास आपण शाळेत अभिमानाने शिकवितो आणि येथेच थांबतो. परंतु खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. जलाशय झाले आणि नगर निश्चिंत झाले. ज्या जलाशयांनी पूर अडवावयाचा तेच नगराला पिण्याचे पाणीही देऊ लागले. पूर अडविण्यासाठी जलाशयात जागा रिकामी हवी. पाणीपुरवठ्यासाठी तो भरलेला हवा. हा विरोध जाणत्या अभियंत्याला सांभाळता येतो, नाही असे नाही. पण तो सांभाळला जात आहे की नाही, हे विचारणारा नागरिकच उरला नाही. पूर ही आपली काळजी नसून धरणाची काळजी आहे, अशी समजूत दोन-तीन पिढ्यांत रुजली. १९०८ पूर्वीची माणसे नदीला ओळखून होती. अवघ्या पाच वर्षांपूर्वी, १९०३ मध्ये, तिने आपला स्वभाव दाखविला होता. तरीही ती बुडाली. आपण तर तिला ओळखतही नाही.

धरणावर विसंबण्याचा अर्थ काय होतो, हे पुण्याच्या मराठी वाचकांस निराळे सांगावयास नको. ज्या खडकवासल्याच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसविले होते, तेच धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. दोष त्या दरवाजांचा नव्हता. वरच्या अंगास बांधकाम पुरते न झालेले पानशेतचे मातीचे धरण सकाळी फुटले आणि त्याचा लोंढा खडकवासल्यास पेलला नाही. बांधामागून बांध फुटण्याची १९०८ ची साखळी तेथे पुन्हा दिसली. पानशेतची भिंत खचत आहे हे आदल्या दिवशी तेथे राबणाऱ्या जवानांना ठाऊक होते. नदीकाठच्या पेठांतील गृहस्थ मात्र त्या सकाळी नेहमीप्रमाणे कामास लागले होते. माहिती होती, ती रहिवाशापर्यंत पोचली नाही; आणि पोचली असती तरी तिचे काय करावयाचे हे त्याला कोणी शिकविले नव्हते.

आमच्या नगरातही नदीने व तलावांनी आपली आठवण अधूनमधून करून दिली आहे. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला आणि सखल वस्त्या बुडाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये तर मुसीपेक्षा तलावांनीच अधिक हानी केली. बांध फुटले, आणि ज्या ओढ्यांनी पाणी वाहून न्यावयाचे त्यांच्या पात्रांत घरे उभी असल्यामुळे पाणी घरांतून वाहिले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडावे लागले. नदीच्या पात्रालगत वसलेल्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले आणि अडकलेल्या उतारूंना बाहेर काढावे लागले. ११७ वर्षांपूर्वीच्या महापुराचाच तो आठवडा होता. पण स्थानकावर उभ्या असलेल्या किती जणांना ते ठाऊक असेल?

दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी आमची स्वतःची गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. वर्गातील त्या प्रश्नोत्तरानंतर आम्ही शाळेची पाहणी केली. आमची शाळा सखल भागात आहे. पाणी आले तर मुलांना नेण्याजोगी जागा एकच, ती म्हणजे गच्ची. गच्चीच्या दाराला कुलूप होते, किल्ली शिपायाजवळ होती आणि शिपाई त्या दिवशी रजेवर होता. मुलांच्या पालकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली वही तळमजल्यावरील कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर होती. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही मुलांना १९०८ चा पूर शिकवीत आलो, आणि त्या कुलपाकडे आमचे लक्ष कधी गेले नाही. इतिहास आम्हांस पाठ होता. त्याचा उपयोग ठाऊक नव्हता.

त्यानंतर आम्ही जे केले ते अगदी साधे आहे. किल्लीच्या तीन प्रती केल्या. वही वरच्या मजल्यावर हलविली. आणि नववीच्या मुलांना सुटीत एक काम दिले. आपल्या गल्लीतील सर्वांत वृद्ध माणसाला भेटावयाचे, पाणी पूर्वी कोठवर आले होते ते विचारावयाचे आणि गल्लीचा नकाशा काढून त्यावर तीन खुणा करावयाच्या: पाणी कोठून येते, उंच जागा कोणती, आणि ज्यांना स्वतः चालता येत नाही अशी माणसे कोणत्या घरांत आहेत. नकाशे ओबडधोबड आले; परंतु तिसरी खूण कोणत्याही सरकारी नकाशात आम्ही पाहिलेली नाही. आजीला विचारीन म्हणणाऱ्या मुलाच्या नकाशात त्याच्या गल्लीत अशी चार घरे निघाली आणि त्यांपैकी एक त्याच्या आजीचेच होते.

२००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, प्राधिकरणे झाली, सुटकेसाठी शिक्षित पथके झाली. त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पथक पोचण्यापूर्वीच्या पहिल्या काही घटका शेजाऱ्याच्याच असतात. त्या घटकांत उपयोगी पडते ते स्थळाचे ज्ञान आणि शेजाऱ्याची ओळख. आणि या दोन्ही गोष्टी धरणाप्रमाणे एकदा बांधून ठेवता येत नाहीत, प्रत्येक पिढीला नव्याने द्याव्या लागतात.

येथे आमच्यासारख्या संस्थांचा संबंध येतो. शाहअलीबंड्याची भारत गुणवर्धक संस्था १८९५ पासूनची, विवेकवर्धिनी १९०७ ची. म्हणजे तो पूर आला तेव्हा या नगरात मराठी ग्रंथालय होते आणि एक वर्षाची मराठी शाळाही होती. मराठी कुटुंबांत त्या दिवसाच्या कहाण्या पणजोबांपासून आजोबांपर्यंत खचित आल्या असतील. जुन्या रोजनिशा, पत्रे, घराच्या भिंतीवरील पाण्याची खूण, यांपैकी जे काही उरले असेल ते गोळा करणे हे साहित्यसंस्थेचे काम नव्हे काय? वाङ्मयाच्या इतिहासाला त्याचा उपयोग होईल हे तर आहेच. पण कोणा एका मुलाला आपल्या गल्लीची उंच जागा त्यातून कळली, तर ते संशोधन सार्थकी लागले असे आम्ही समजू.

येत्या २८ सप्टेंबरला आमच्या शाळेची मुले त्या चिंचेच्या झाडाखाली जाणार आहेत. भाषणे होणार नाहीत. झाड किती उंच आहे आणि पाणी कोठवर आले होते, एवढेच ती मोजून येतील. आणि परत आल्यावर गच्चीचे कुलूप प्रत्येकाने एकदा उघडून पाहावयाचे आहे.