पांदण म्हणजे काय? गावाला जाणारी जुनी वाट अडवली तर ती परत कशी मिळते?

नागपूर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावातून बाहेर पडलं की डांबरी रस्ता सोडून शेतांच्या मधून जाणारी एखादी वाट दिसतेच. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळीची झुडपं, मध्ये बंडीच्या चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या आणि पावसाळ्यात गुडघाभर गारा. या वाटेला विदर्भात पांदण किंवा पांधण म्हणतात. सरकारी कागदांत ती 'पाणंद' होते. गावातून शेतात आणि एका गावातून दुसऱ्या गावाला किंवा बाजाराच्या ठिकाणी पायी वा बंडीने जाण्याची ही वाट डांबरी रस्त्यांच्या कितीतरी आधीची आहे.

मोटारसायकली आल्या आणि शहराकडे जाणारी माणसं पांदण सोडून डांबरी रस्त्याने जाऊ लागली. वापर कमी झाला की वाट अरुंद होते. वखर मारताना दरवर्षी एखादं तास पांदणीकडे सरकतं आणि काही वर्षांनी धुरा आणि पांदण यांत फरक उरत नाही. मग एक दिवस तिथे तारेचं कुंपण उभं राहतं. ज्याचं वावर आत आहे त्याच्यासाठी हा प्रश्न फार मोठा असतो. ट्रॅक्टर जात नाही, खताची पोती डोक्यावर न्यावी लागतात, वेचलेला कापूस वेळेत घरी येत नाही. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदाराची गाडी बागेपर्यंत पोहोचली नाही, तर व्यापारी त्याच मालाला कमी भाव सांगतो.

चालणाऱ्यांची वाट

या वाटांवरून फक्त शेतकरी जात नाहीत. कळमेश्वर तालुक्यातलं धापेवाडा हे चंद्रभागा नदीकाठचं गाव विदर्भाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. आषाढी पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला पंढरपूरचा विठ्ठल इथे येतो अशी श्रद्धा आहे. त्या दिवशीच्या यात्रेला विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून दिंड्या येतात. आषाढ म्हणजे काळी माती फुगून चिकट होण्याचा महिना. ही माती पाणी धरून ठेवते, चपलेला गोळ्यासारखी चिकटते आणि सुकली की तिला भेगा पडतात. मुरूम किंवा खडी न टाकलेल्या पांदणीवरून या दिवसांत अनोळखी माणसाने चालणं म्हणजे किलोमीटरला दुप्पट वेळ धरणं.

गावनकाशातली तुटक रेघ

एखादी वाट 'खरी' आहे की नुसती पडलेली आहे, हे ठरवायला पहिला कागद म्हणजे गावनकाशा. त्यात रस्त्यांचे प्रकार रेघांवरून कळतात. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग. त्याची रुंदी १६.५ ते २१ फूट धरली जाते. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी ८.२५ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण गुंठ्याची बाजू ३३ फूट असते हे लक्षात घेतलं की हिशेब जुळतो. ३३ चा अर्धा १६.५ आणि पाव ८.२५.

इथे एक गोष्ट नेहमी चुकीची समजली जाते. गाडीमार्ग ज्या शेतातून जातो, त्याचं क्षेत्र बहुतेक वेळा त्याच शेताच्या क्षेत्रात धरलेलं असतं आणि 'पोटखराब' म्हणून दाखवलेलं असतं. म्हणजे सातबाऱ्यावर जमीन शेतकऱ्याच्या नावावर असते, पण तेवढ्या पट्ट्यावर पीक घेण्यासारखी जमीन नाही असं धरून आकारणी झालेली असते. 'माझ्या सातबाऱ्यावर आहे, म्हणून वाट माझी' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. आणि 'ही सरकारी जमीन आहे' हे समोरच्याचं म्हणणंही पूर्ण बरोबर नसतं.

नकाशात नसलेल्या, पण वर्षानुवर्षं वापरात असलेल्या वाटाही असतात. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्याच्या अशा वाटांचेच तंटे जास्त होतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या भूनकाशात मुख्यतः गटांच्या हद्दी दिसतात. तुटक रेघ पाहायची असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल काढलेली बरी.

नागपूरकडे एक जादा कागद

पश्चिम महाराष्ट्रात नसलेली एक सोय विदर्भात आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. १८५३ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांतात गेलं. इथे मालगुजारी पद्धत आली. गावाची पडीक जमीन, झुडपी जंगल, तलाव यांवर मालगुजाराचा हक्क होता. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने तो संपवला. सरकारकडे काय काय जाणार याची त्या कायद्याच्या चौथ्या कलमात लांबलचक यादी आहे. तलाव, विहिरी, गावठाण, हाट-बाजार आणि जत्रांच्या जोडीला तिच्यात पायवाटाही आहेत.

पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आला तेव्हा या भागाची जुनी पद्धत त्यात फक्त विदर्भासाठी ठेवली गेली. कलम १६१ नुसार प्रत्येक गावाचं 'निस्तार पत्रक' असतं. गावातली बिनभोगवट्याची जमीन, चराई, लाकूडफाटा यांची व्यवस्था त्यात लिहिलेली असते. कलम १६५ नुसार 'वाजिब-उल-अर्ज' असतो. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवर गावाचे कोणते रिवाज चालत आले आहेत, याची ती नोंद असते. पाणी घेण्याचा हक्क, मासेमारी आणि जाण्या-येण्याची वाट हे विषय कायद्यात नाव घेऊन दिलेले आहेत. वाटेचा तंटा तहसीलमध्ये गेला की लोक सातबारा आणि खसरा घेऊन जातात. वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागायची आठवण क्वचितच कोणाला होते. खरं तर बांधाबांधावर वाद असताना सगळ्यात आधी तोच कागद पाहायला हवा.

वाट अडवली तर

वाट कोणत्या प्रकारची आहे, यावर कोणाकडे जायचं हे ठरतं.

वापरात असलेली वाट कोणी नुकतीच अडवली असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ लागू होतं. तहसीलदार अडथळा काढण्याचा आणि पुन्हा न अडवण्याचा आदेश देऊ शकतात. पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. 'बोलणी चालू आहेत' म्हणत हे ६ महिने सहज निघून जातात आणि बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. या निकालावर अपील नाही, फेरतपासणी मागता येते.

शेतात जायला वाटच नसेल, तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३. यात तहसीलदार दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावरून वाट देऊ शकतात. वाट धुऱ्यावरून मिळते, वावराच्या मधून नाही. अर्जदाराची गरज खरी आहे का, आधीपासून दुसरी वाट आहे का, हे पाहण्यासाठी स्थळपाहणी होते. निर्णय मान्य नसेल, तर १ वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.

गावातल्या सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीलाही आहे (ग्रामपंचायत अधिनियम, कलम ५३). आणि २० वर्षं उघडपणे, बिनविरोध, हक्क म्हणून एखादी वाट वापरली असेल, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार दिवाणी न्यायालयात हक्क सांगता येतो. हा मार्ग लांबचा आणि खर्चिक.

इंग्लंड-वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर सार्वजनिक पायवाटांचे नकाशे तयार करण्याची जबाबदारी टाकली. त्यात नोंदलेल्या वाटेने कोणालाही चालता येतं. आपल्याकडे कलम १४३ शेतकऱ्याला शेतापर्यंत पोहोचवण्यासाठी आहे. फिरायला निघालेल्या माणसाला त्याचा आधार नाही.

आता काय बदललं?

पांदणींच्या मजबुतीकरणासाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. त्यात रोजगार हमीच्या कामांची जोड दिली जाते. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यावी, असा निर्णय घेतला. नोंदीचा भाग रुंदीपेक्षा महत्त्वाचा आहे. जमीन विकली गेली की नवा मालक 'मला वाट माहीतच नव्हती' असं सांगतो. सातबाऱ्यावर नोंद असेल तर ते सांगता येत नाही.

पांदणीने चालायचं असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. माती वाळलेली असते, तूर फुलोऱ्यात किंवा शेंगांवर असते आणि कापसाची वेचणी चालू असते. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी ९ नंतर वाटेवर न राहिलेलं बरं. पावसाळ्यात विजा कडाडत असतील, तर एकट्या झाडाखाली थांबू नये. कापसाच्या वावरात फवारणी चालू असेल, तर वाऱ्याच्या दिशेकडून लांबून जावं.

पेंच, उमरेड-करांडला आणि बोर या जंगलांच्या कडेच्या गावांत अंधार पडायच्या आत वाट संपवावी आणि निघण्याआधी गावात विचारून घ्यावं. रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक वाचवायला शेतकरी झटका यंत्राची तार लावतात. ती मोठा धक्का देते, पण जीव घेत नाही. काही ठिकाणी मात्र थेट लाइनवरून तारेत वीज सोडलेली असते. ते बेकायदा आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. दोन्ही तारा दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे पांदणीला आडवी आलेली तार हाताने उचलून खालून जायचं नाही.